डोळे मिटून मतदान

आमच्या घरात लोकशाही होती. होती म्हणजे काय, नुसती उतू जात होती. माझे पप्पा श्रीरामपूरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. या विषयाला मार्क कमी, तास शेवटचा आणि पोरं पेंगुळलेली. त्यामुळे शाळेत शिकवायची राहिलेली लोकशाही पप्पा संध्याकाळी घरी घेऊन यायचे. भाजी कुठली करायची, मतदान. नाताळाला नवे पडदे शिवायचे की जुनेच धुवायचे, मतदान. एकदा न्हाणीघरात पाल निघाली, तर तिला मारायचं की हाकलायचं यावर पप्पांनी चर्चा ठेवली. दोन्ही बाजूंना समान संधी मिळेपर्यंत पाल कंटाळून निघून गेली.

मतदान हात वर करून व्हायचं. पप्पा ठराव मांडायचे, स्वतःचा हात आधी वर करायचे आणि मग आईकडे बघायचे. आई त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि हात वर करायची. मी आईकडे बघून हात वर करायची. मग पप्पा समाधानानं म्हणायचे, "एकमतानं मंजूर!" आमच्या घरात आजवर एकही ठराव फेटाळला गेलेला नाही, असं ते आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायचे. आई आतून म्हणायची, "मत तुमचं, विळी माझी." पाहुणे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण पडवळ हे एकमतानं मंजूर झालेलं असलं तरी ते चवीला पडवळच लागतं.

पुढं मी पोस्टात लागले, पप्पा निवृत्त झाले, आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे मंडळी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं चर्च आहे, तिथं रविवारी जमणाऱ्या सगळ्यांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो. पप्पा या मंडळीचे सेक्रेटरी. इतकी वर्षं सेक्रेटरी की गल्लीतल्या बारक्या पोरांना ते त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव वाटायचं.

सेक्रेटरीचं खरं काम उपासना संपल्यावर असतं. तो माईकवर सूचना देतो. पप्पांना या सूचनांचा भारी षोक. कुणी आजारी असेल तर नुसतं नाव सांगून ते थांबायचे नाहीत. आजार कोणता, तो पूर्वी मंडळीत कुणाकुणाला झाला होता, त्यातले कोण बरे झाले आणि कोण आता आपल्यात नाहीत, इथपर्यंत सगळं यायचं. कुणाची छत्री राहिली असेल तर तिची दांडी, काड्या आणि संभाव्य मालक. इकडं बायकांचा जीव टांगणीला लागलेला असायचा, कारण रविवारी निम्म्या गल्लीनं मटण बारीक गॅसवर ठेवलेलं असायचं. खिडकीतून करपल्याचा वास आत आला की महिला मंडळात चुळबुळ सुरू व्हायची. कुणाचं करपलंय ते कळायचं नाही, म्हणून प्रत्येकीला आपलंच वाटायचं.

दर वर्षी ईस्टरनंतर मंडळीची वार्षिक सभा भरते. सेक्रेटरीची निवडणूक तीतच. एकजण पप्पांचं नाव सुचवायचा, दुसरा अनुमोदन द्यायचा, बाकीचे "मान्य!" म्हणून ओरडायचे आणि चिवडा वाटायला घेतला जायचा. मान्य म्हणताना लोकांची नजर चिवड्याच्या पातेल्यावरच असायची.

त्या वर्षी मात्र दुसऱ्या बाकावरून सिस्टरबाई उठल्या. या निवृत्त नर्स. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी जन्माला येताना पाहिलेलं आणि उरलेल्यांना इंजेक्शनं दिलेली, म्हणून त्यांना घाबरत नाही असा माणूस आमच्याकडे नाही. त्या म्हणाल्या, "आवंदा मी पन हुबी राहनार हाय. निवडून आले तर सूचना थोडक्यात दीन." एवढाच त्यांचा जाहीरनामा. सभेत अशी शांतता पसरली की चिवड्यातला शेंगदाणा पडला असता तरी ऐकू आला असता.

पप्पा उठून म्हणाले, "स्वागत आहे! लोकशाहीत विरोधक हवाच!" आणि खरी गोष्ट अशी की ते मनापासून म्हणाले. मनापासून म्हटलेल्या गोष्टींचा त्यांना नंतर त्रास होतो. दोन उमेदवार झाल्यावर मतदान गुप्त झालं पाहिजे, असाही आग्रह त्यांनीच धरला. लोकांनी त्यांना किती समजावलं, की सर, उघड मतदान घ्या, तुमच्या तोंडावर तुमच्याविरुद्ध कोण हात वर करतंय? पप्पा म्हणाले, "म्हणूनच गुप्त पाहिजे." पारनेरकडून नुकतेच बदलून आलेले चर्चचे तरुण धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, म्हणाले, मग पुढच्या रविवारी चिठ्ठ्या घेऊ. त्यावर पप्पांनी स्वतःच हरकत घेतली. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे पेपर त्यांनी तपासलेले. अक्षर सोडाच, बरोबरच्या खुणेची शेपूट कोण किती लांब ओढतं हेही त्यांना पाठ. "चिठ्ठी उघडली की मला माणूस दिसणार. मग गुप्त काय राहिलं?" ते म्हणाले.

शेवटी पाळकसाहेबांनीच तोड काढली. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि हात वर करायचे. डोळे फक्त पाळकसाहेबांचे उघडे, तेच मोजणार. पप्पा खूश झाले. म्हणाले, "डोळे मिटले की पडदा आलाच."

तो आठवडा पप्पांनी वरणभातावर काढला. बाहेर म्हणायचे, हरलो तरी आनंद आहे. घरात सूचना वाचून दाखवून माझ्याकडून त्यांची वेळ लावून घ्यायचे आणि वेळ सांगितली की घड्याळावर संशय घ्यायचे. मला त्यांची दया यायची. माईक गेला तर हा माणूस रविवारी करणार काय, हा प्रश्न मलाही पडला होता. मतदानाच्या सकाळी चहा पिताना त्यांनी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग, तू कुणाला देणार?"

आई म्हणाली, "गुप्त असतंय ना?"

"अगं, माझ्यापासून थोडंच गुप्त?"

"मग कुनापासून?" आई म्हणाली आणि आपली कपबशी उचलून आत गेली.

आई तिसगावची. बोलायला लागली की कमी शब्दांत काम उरकते. पप्पा बशीत राहिलेल्या चहाकडे बराच वेळ बघत बसले. नागरिकशास्त्राच्या कुठल्याच पाठाखाली हा प्रश्न नव्हता.

उपासना झाली. आमच्याकडे पुरुष एका बाजूला आणि बायका एका बाजूला बसतात, मधून जायची वाट. पप्पा तिकडे पहिल्या रांगेत, मी आणि आई इकडे तिसऱ्या. पाळकसाहेब पुढं येऊन म्हणाले, "आपण सर्वांनी डोळे मिटावेत."

इथंच घोळ झाला. त्या छपराखाली जन्मापासून आम्ही डोळे एकाच कामासाठी मिटत आलोय. डोळे मिटले गेले, माना खाली गेल्या आणि पहिल्या बाकावरचे एक आजोबा, ज्यांची प्रार्थना सुरू झाली की बायका घरी जाऊन कुकर उतरवून येऊ शकतात, ते उभे राहून सुरूच झाले. "हे बापा, पाऊस पडू दे. कांद्याला भाव यिऊ दे. माझ्या गुडघ्याचं तुला म्हाईतच हाय. आन ह्या इलेक्शनात तुझी विच्छा पुरी हू दे, पर ती जरा बिगीनं हू दे, लई भूक लागलीया." प्रार्थना मधे तोडायची पद्धत नाही. सगळ्यांनी मनापासून "आमेन" म्हटलं, डोळे उघडले आणि काही लोक चिवड्याच्या दिशेनं निघाले.

पाळकसाहेबांनी त्यांना परत बसवलं. म्हणाले, "आता प्रार्थना नाही, मतदान. डोळे मिटा. सर सेक्रेटरी व्हावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." बांगड्यांचा एकच खळखळाट झाला. आमची मंडळी गाताना दोन्ही हात वर करते, तीच सवय. डोळे मिटून हात वर म्हटल्यावर दोन्हीच गेले. पाळकसाहेब हात मोजत गेले, घाम पुसला, परत मोजले आणि म्हणाले, "सर, तुम्हाला मंडळीपेक्षा जास्त मतं पडलीत."

कुणी दुसरा असता तर हार घालून घेतला असता. पप्पा उठून म्हणाले, "बाद! एक माणूस, एक मत, एक हात!" जिंकलेली निवडणूक त्यांनी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की आठवडाभर घड्याळावर घेतलेला संशय मी माफ करून टाकला.

पण खाली बसताना त्यांनी एक चूक केली. वाटेच्या पलीकडून आईकडे बघून ते गालात हसले आणि कानाला बोट लावलं. मला काय ते कळलं. आईच्या हातात काचेच्या बांगड्या आणि त्यांच्यामध्ये तिच्या आईनं दिलेलं एक पितळी कडं आहे. त्या कड्याचा आवाज वेगळाच येतो, खळ्ळ नाही, खट्ट. बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता पप्पा त्या आवाजावरून सांगतात, आता भाकरी थापतेय, आता लसूण ठेचतेय. मघाशी त्यांच्या नावाला तो खट्ट आवाज आला होता. मत पोचलं, असं ते कानाला बोट लावून सांगत होते.

आईनंही ते बघितलं. ती हसली नाही. तिच्या तोंडावर जे आलं ते मी घरातल्या कुठल्याच मतदानात बघितलं नव्हतं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला हरकत निघाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले एक काका काळा चष्मा लावून बसले होते. चष्म्यामागे डोळे मिटलेत की उघडेत हे कोण सांगणार? काका म्हणाले, "अहो, मिटले काय आन उघडले काय, मला सारकंच दिसतंय." सिस्टरबाईंनी निकाल दिला की चष्म्यावर रुमाल टाका. काकांच्या तोंडावर रुमाल टाकला गेला. ते तसेच शांत बसले, आणि मागून उशिरा आलेल्या एक बाई काका गेले असं समजून हुंदका देऊन बसल्या. त्यांची समजूत काढण्यात थोडा वेळ गेला.

या गोंधळात आईनं पर्समधून स्वतःचा रुमाल काढला. डाव्या हातानं तो उजव्या मनगटावर गुंडाळला, बांगड्या आणि कडं सगळं आत घेऊन, आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली. मी बघतेय हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "तू पन डोळे मिट." मी मिटले. खरंच मिटले, नाहीतर एरवी माझा एक डोळा प्रार्थनेतसुद्धा किलकिला असतो.

तिसऱ्यांदा मतदान झालं. पप्पांचं नाव आलं, इकडे तिकडे बांगड्या वाजल्या. खट्ट काही आलं नाही. सिस्टरबाईंचं नाव आलं, परत बांगड्या वाजल्या. तेव्हाही खट्ट आलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "उघडा." मी पहिल्यांदा पप्पांकडे पाहिलं. दाराला कडी लावायची राहिली की काय असं आठवत बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सिस्टरबाई एका मतानं निवडून आल्या.

पप्पांनी सगळ्यात आधी उठून त्यांचं अभिनंदन केलं. "हा लोकशाहीचा विजय आहे," म्हणाले आणि लोकशाहीची पार्श्वभूमी सांगायला लागले. खिडकीतून करपल्याचा वास आला तेव्हा कुठं बसले. मग चिवडा खाताना एकेक जण येऊन त्यांच्या कानात सांगून गेला, "सर, माझं मत तुमालाच." गुडघेवाले आजोबा सांगून गेले, रुमालवाले काका सांगून गेले. शेवटी खुद्द सिस्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "मी बी तुमालाच दिलं, सर. सोताला मत कसं द्यायचं? बरं दिसतंय का ते?" पप्पा सगळ्यांना "आभारी आहे" म्हणत राहिले. घरी येताना वाटेत ते मला म्हणाले, "एवढ्या सगळ्यांनी मला मत दिलं, तर मी पडलो कसा?"

मी कुणाला दिलं हे मात्र त्यांनी मला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. लेकीचं मत घरचंच, असं त्यांनी धरून ठेवलंय. धरू दे.

घरी आल्यावर आईनं रुमाल सोडला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बाजरीचं पीठ मळायला घेतलं. पप्पा तिच्याजवळ स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. मटण वाढलं तर खाईनात. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तुझं कडं का नाही वाजलं?"

आई थापायची थांबली. "तुमी डोळे मिटले, आन कान?"

"कान काही मिटता येत नाहीत."

"येत्यात. बोटं हायती ना धा."

पप्पा चिडले की नागरिकशास्त्रात शिरतात. ते ताठ बसून म्हणाले, "मी ठराव मांडतो. या घरातल्या व्यक्तींनी आपलं मत घरातल्या घरात उघड करावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करा." आणि नेहमीप्रमाणे स्वतःचा हात वर करून आईकडे बघितलं. आई परातीकडे बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात मांडीखाली घालून बसले. तीन माणसांच्या घरात हात वर न करणं हे दिसायला काहीच नसतं, पण मला ते पोस्टाच्या परीक्षेपेक्षा जड गेलं.

"प्रतिकूल?" पप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. आईनं हात वर केला. खट्ट. मीही केला.

"बहुमतानं नामंजूर," पप्पा म्हणाले. तोंड पडलेलं, तरी निकाल त्यांनी स्पष्ट आवाजात वाचला. एका दिवसात त्यांची ही दुसरी हार. मला हसू येत होतं आणि रडूही.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. मग आईच बोलली. "आपल्या लग्नात पाळकसायबानी इचारलं, ह्यो नवरा मान्य हाय का म्हून. आठवतंय? सारी तिसगावची मंडळी माज्याकडं टकामका बघत हुती. वडील तर डोळे वटारूनच बसल्याले. तवा न्हाई म्हनायची काय सोय हुती? डोळे मिटून इचारायला पायजे हुतं त्ये."

पप्पांनी ताट बाजूला सारलं. "मग? डोळे मिटून विचारलं असतं तर काय केलं असतंस?"

"त्ये गुप्त हाय," आई म्हणाली.

पप्पांचा चेहरा सभेत पडला नव्हता एवढा तेव्हा पडला. माईक जाणं वेगळं आणि हे वेगळं. इतक्या वर्षांचं त्यांचं एकमत आईनं एका वाक्यात परत मोजायला काढलं होतं. ते उठून जातील असं मला वाटलं. गेले नाहीत. जरा वेळानं खुर्ची सरळ करून बसले आणि मला म्हणाले, "फेरमतदान. मोजणी तू कर. ठराव तोच, तिसगावच्या पाळकसाहेबांनी लग्नात मांडलेला." मग त्यांनी डोळे गच्च मिटले. एवढ्यानं भागणार नाही हे आठवून दोन्ही कानांत बोटं घातली. आणि मुलांना प्रश्न विचारायचे त्या आवाजात, स्वतःला ऐकू येत नसल्यानं गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले, "हा नवरा मान्य असेल, तर हात वर!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मी मोजणी अधिकारी आहे. माझ्याकडे बघून काही उपयोग नाही."

ती ओट्यापासून दोन पावलं सरकून पप्पांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पिठाचे हात तसेच. पप्पा डोळे मिटून, कानांत बोटं घालून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे ओठ आवळून बसले होते. तिनं त्यांच्या टकलाकडे बराच वेळ बघितलं. पुढं काय झालं ते मी सांगणार नाही, मतदान गुप्त होतं. ती परत ओट्याकडे गेली, तेव्हा मी पप्पांच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी बोटं काढली, डोळे उघडले. "निकाल?"

"मतदार एकच आहे," मी म्हटलं, "निकाल सांगितला तर मत फुटेल. निकाल राखून ठेवलाय."

"बरोबर," पप्पा म्हणाले. "अगदी बरोबर. गुप्तच राहिलं पाहिजे." आणि मटणाचं ताट पुढं ओढलं. त्यांच्या टकलावर, अगदी मध्यभागी, बाजरीचं पीठ भुरभुरून पडलं होतं. ते त्यांना जाणवलं होतं हे मला दिसत होतं, कारण घास घेताना ते मान जराही हलवत नव्हते. संध्याकाळी सिस्टरबाई माईकच्या कपाटाची किल्ली न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, डोक्याला काय लागलंय?"

"असू द्या," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी ते पुसलं नाही.